सुस्वर रेकॉर्ड देणे आहे

एक अपवाद सोडला तर माझ्या बायकोच्या थोरल्या मामांनी आयुष्यात एकही खोटं वाक्य लिहिलेलं नाही, आणि त्यांनी लिहिलेल्या वाक्यांवर विश्वास ठेवून पस्तावला नाही असा एकही माणूस मला आजवर भेटलेला नाही. पस्तावलेल्यांतला मी ज्येष्ठ सभासद. मामा मुलुंडला वधूवर सूचक मंडळ चालवायचे. मंडळ म्हणजे त्यांच्या बैठकीच्या खोलीतलं टेबल, टेबलावर काच, काचेखाली जमवलेल्या लग्नांचे फोटो आणि टेबलामागे खुद्द मामा. माझं लग्न त्यांनीच जमवलं. सख्खी भाची आहे म्हणून त्यांनी धंद्याचे नियम सैल केले नाहीत. तिच्या माहितीत त्यांनी ‘शांत स्वभाव’ लिहिलं होतं आणि माझ्या माहितीत ‘उंच’. लग्नानंतर धीर करून मी विचारलं, तर म्हणाले, "मी बघितली तेव्हा शांतच होती. तुझ्या घरी आल्यावर काय झालं, ते तू सांग!" माझ्या उंचीचा विषय त्यांनी काढला नाही, हा त्यांचा मोठेपणा.

जाहिरात लिहिण्याचं त्यांचं एक शास्त्र होतं. "खोटं कधी लिहू नये रे," ते सांगायचे, "खरं कुठे थांबवायचं तेवढं कळलं पाहिजे." ज्याचं घरात कोणाशी पटत नाही तो मामांच्या लेखणीतून ‘स्वतंत्र विचारांचा’ होऊन बाहेर पडायचा. ज्याची नोकरी टिकत नाही त्याला ‘विविध क्षेत्रांचा अनुभव’ असायचा. सतत आजारी असणारी सासू ‘घरातच असते’ एवढ्यावर थांबायची. आणि गंमत म्हणजे ती लग्नं टिकली. मुलुंडपासून भांडुपपर्यंत कितीतरी जोडपी मामांच्या नावाने बोटं मोडत मजेत संसार करताहेत.

मंडळ बंद झालं तेव्हा ही लेखणी म्यान झाली असं आम्हाला वाटलं होतं. तसं व्हायचं नव्हतं. मामींना रेकॉर्डींचा नाद होता. शाळेत शिकवायच्या, आणि सुट्टीच्या दिवशी गोरेगावपासून मानखुर्दपर्यंत कुठल्याही जुन्या बाजारात शिरून काखोटीला काहीतरी मारून यायच्या. त्यातही मर्यादित आवृत्तीच्या रेकॉर्डींवर त्यांचा जीव. कंपन्या कधीतरी एखादी रेकॉर्ड मोजकीच काढतात, प्रत्येकीवर नंबर घालतात, आणि मग भली शहाणी माणसं ती मिळवण्यासाठी वेड्यासारखी वागतात. मामी त्यांतल्या. दोनेक वर्षांपूर्वी त्या गेल्या. जायच्या आधी हॉस्पिटलात त्यांनी मामांचा हात धरून सांगितलं होतं, "माझ्यामागे एकही रेकॉर्ड घरात ठेवू नका. लावत बसाल आणि जेवणार नाही. चांगल्या घरी द्या सगळ्या." मामांनी शब्द दिला. तेव्हा मी आणि माझी बायको तिथेच उभे होतो. मामींना दिलेला शब्द मामांनी कधी मोडल्याचं कोणाला आठवत नाही. मोडायची हिंमत त्यांच्यात नव्हती असंही म्हणता येईल.

तर अशा तऱ्हेने मामा पुन्हा लेखणी घेऊन बसले. लिलावाची एक वेबसाइट माझ्या बायकोने शोधली. तिथे वस्तूचा फोटो टाकायचा, माहिती लिहायची, आणि लोक घरबसल्या बोली लावतात. फोटो काढायचं आणि मजकूर चढवायचं काम माझ्याकडे आलं. मजकूर अर्थातच मामांचा. पहिलीच माहिती त्यांनी सांगितली ती अशी: "सुस्वर, घरंदाज, एकाच घरात वाढलेली. राहणी साधी." राहणी साधी म्हणजे काय, असं मी विचारलं. तिला कव्हर नव्हतं. जिच्यात गाण्यापेक्षा खरखर जास्त ती ‘बोलकी’. उन्हात ठेवून वाकडी झालेली, फिरताना लाटेसारखी वरखाली होणारी, ‘चालण्यात ऐट असलेली’. जिच्यातली भाषा घरात कोणालाच ओळखता आली नाही ती ‘परदेशस्थ’. आणि झाडून सगळ्या ‘मर्यादित आवृत्ती’. एका भजनाच्या रेकॉर्डीवर मात्र मी अडलो. म्हटलं, "मामा, ही गावोगाव खपलीय. प्रत्येक देवळात वाजायची."

"खपली ना? मग आता उरल्या किती?"

"ते कसं सांगणार?"

"म्हणजे मोजता येण्याएवढ्यासुद्धा नाहीत. लिही, अत्यंत मर्यादित."

बोली लागायच्या. मर्यादित म्हटलं की माणसं पुढचं वाचत नाहीत, हे मामांना लग्नांच्या अनुभवावरून पक्कं ठाऊक होतं. पण नुसती बोली जिंकून भागत नसे. बोली जिंकणारा जवळपासचा असला की त्याने मुलुंडला येऊन रेकॉर्ड बघितलीच पाहिजे, असा मामांचा हट्ट. तो आला की कांदेपोहे. रेकॉर्ड आतल्या खोलीतून माझी बायको दोन्ही हातांत धरून आणायची आणि मामा तिच्याकडे न बघता पाहुण्याची चौकशी करायचे. घर स्वतःचं की भाड्याचं? भिंतींना ओल येते का? सुई कुठली वापरता? घरात लहान मुलं आहेत का, आणि ती कितपत द्वाड? घाटकोपरचा एक तरुण घामाघूम होऊन म्हणाला, "अंकल, मी फक्त रेकॉर्ड घ्यायला आलोय." मामा म्हणाले, "सगळे असंच म्हणतात."

जुहूच्या एका कॅफेवाल्याचा प्रसंग तर मी जन्मात विसरणार नाही. माणूस चांगला होता, पोहे आवडीने खात होता, बोलीही भरघोस होती. बोलता बोलता तो म्हणाला, "कॅफेच्या भिंतीवर ठोकायला मस्त दिसेल यार. आठ-दहा अजून असतील तर बघा ना." मामा उठले, त्याच्या हातातली बशी काढून घेतली आणि अतिशय सौजन्याने म्हणाले, "पत्रिका जुळत नाही." त्याला काही कळेना. मी त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेलो, तेव्हा तो मला विचारत होता की त्याचं काय चुकलं. मला खरं कारण सांगवलं नाही. म्हटलं, मंगळ आहे.

असं करत करत कपाट रिकामं झालं. वाकड्या, बोलक्या, परदेशस्थ, सगळ्या आपापल्या घरी गेल्या. कुरकुर करणारे भेटले, पण परत कोणी केली नाही. उरली एकच. जुन्या भावगीतांची, खरोखरच मर्यादित आवृत्तीची, नंबर घातलेली, कव्हरवर गायिकेचा मोठा फोटो. मामींची सगळ्यांत लाडकी. आणि तिच्या बाबतीत मला काहीतरी विचित्र दिसायला लागलं. जन्मभर ज्यांनी खोटं म्हणून लिहिलं नाही, ते मामा या एका रेकॉर्डीबद्दल सपशेल खोटं लिहायला लागले.

आधी म्हणाले, लिही, कधीही न वाजवलेली. ती रेकॉर्ड मी स्वतः त्यांच्या घरी इतक्यांदा ऐकली होती की मला तिच्यातल्या खरखरीच्या आणि अडकण्याच्या जागा पाठ होत्या. मी तसं म्हटलं, तर म्हणाले, "तुला सांगितलंय तेवढं कर." लांबच्या गावच्या कोणीतरी ती घेतली आणि आठवड्याभरात परत पाठवली. मग त्यांनी लिहायला लावलं, रंग जांभळा. फोटोत नुसतं कव्हर, आत रेकॉर्ड काळीकुट्ट. पुन्हा परत. प्रत्येक परतीला मामांच्या दारात जे व्हायचं ते बघण्यासारखं असे. कुरिअरवाला जिना चढून आला की मामा त्याला दारात थांबवायचे, भाकरीचा तुकडा त्या खोक्यावरून ओवाळून टाकायचे आणि मगच सही करायचे. आत शिरा तयार. कुरिअरवाल्यालाही मिळायचा. "माहेरपणाला आलीय," ते सांगायचे आणि दोन दिवस ती रेकॉर्ड घरात वाजत राहायची. तिसऱ्या दिवशी नवी जाहिरात. मामींना दिलेला शब्दही पाळला जात होता आणि रेकॉर्डही घरातच राहत होती. एवढी साधी गोष्ट कळायला मला बराच वेळ लागला. बायकोला आधीच कळली होती. ती नुसती शिऱ्यात वेलची जास्त घालायची.

मग वेबसाइटवाल्यांचं पत्र आलं. तुमच्या मालाच्या वर्णनात तथ्य नसल्याच्या तक्रारी आहेत, आणखी एक आली तर खातं कायमचं बंद. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. मामांचा चेहरा उतरला. खातं बंद म्हणजे जाहिरात बंद, आणि जाहिरात बंद म्हणजे रेकॉर्ड जाणूनबुजून घरात ठेवल्यासारखं. मामींना काय सांगणार? थोडा वेळ काचेखालचे फोटो बघत बसले. मग एकदम त्यांच्या डोळ्यांत जुनी चमक आली.

"लिही," म्हणाले, "कव्हरवर खुद्द सही."

सही होती. गायिकेच्या फोटोवर, कपाळापासून हनुवटीपर्यंत, लाल शाईत, मामींची. शाळेच्या सवयीने त्या दिसेल त्या वस्तूवर नाव घालायच्या. "कोणाची सही ते कुठे लिहिलंय आपण?" मामा म्हणाले. "खोटं काही नाही. खातं बंद होणार नाही. पण घेणारा चिडणार, परत करणार." दोन्ही दगडांवर पाय ठेवून ते खूश होते.

मरोळ गावठाणातल्या एका फिलोमिनाबाईंनी ती घेतली. पाहण्याच्या कार्यक्रमाला यायला जमणार नाही, आईला एकटं सोडता येत नाही, असं त्यांनी आधीच कळवलं होतं, म्हणून मीच पार्सल करून पाठवली. मामा वाट बघत बसले. रवा आणून ठेवला. आठवडा गेला. परत करायची मुदत संपली. आणि एका सकाळी फिलोमिनाबाईंचा अभिप्राय आला: पाच तारे, आणि खाली ‘थँक्यू’.

"पाच तारे?" मामा ओरडले. "कशाबद्दल? सही बघितली नाही तिने? दुसऱ्या गाण्यात अडकते ती कळलं नाही? बहिरी आहे काय गो ही बाई?" आणि चप्पल घालायला लागले. चौकशीला जायचं होतं. लग्नानंतर मुलीची खुशाली विचारायला ते पूर्वी असेच अचानक उगवायचे. पण या वेळी ते रेकॉर्ड परत मागायला निघाले होते, हे मलाही कळत होतं आणि त्यांनाही.

रिक्षा पवईच्या तळ्याकाठी सिग्नलला थांबली तेव्हा ते आपणहून बोलले. "तुला वाटत असेल म्हातारा चळला. तसं नाही रे. ती दुसऱ्या गाण्यात अडकते ना, तेव्हा ही स्वयंपाकघरातून हाक मारायची. ‘अहो, उचला!’ मी पेपर ठेवून उठायचो, सुई पुढे ढकलायचो. दर वेळी तेच. आता अडकली तरी मी उठत नाही लगेच. थांबतो जरा." सिग्नल सुटला. आयुष्यात पहिल्यांदाच मामांनी खरं कुठेही न थांबवता सांगितलं होतं.

फिलोमिनाबाईंचं घर जुनं, ओट्याचं, लाकडी फळ्यांच्या जमिनीचं. मुलुंडहून आलोय म्हटल्यावर त्यांनी हसत दार उघडलं. "तुम्हीच काय ते ‘सुस्वर, घरंदाज’ लिहिणारे? या, या. आई, बघ कोण आलंय." खिडकीशी आरामखुर्चीत त्यांची आई बसली होती, हातात काठी. मामांनी न बसताच सुरुवात केली. सही गायिकेची नाही, त्यांच्या बायकोची आहे. फसवणूक झालीय. रेकॉर्ड परत घ्यायला ते स्वतः आले आहेत.

"मला माहीत आहे की," फिलोमिनाबाई म्हणाल्या. "फोटोतच दिसली होती. लाल शाईत कोण सही करतं? टीचरच करणार. मी पण टीचर होते. म्हणून तर घेतली मी. एवढी जपलेली रेकॉर्ड कुठे मिळते आता? आईला तर वेड लागलंय तिचं. लावू?"

मामा काही बोलायच्या आत त्यांनी मामांना खुर्चीत बसवलं आणि ती लावली. पहिलं गाणं झालं. दुसरं सुरू झालं आणि ठरल्या जागी सुई अडकली. तेच दोन शब्द, पुन्हा तेच दोन शब्द. मी मामांकडे बघितलं. ते खुर्चीतून अर्धे उठले होते. तेवढ्यात आरामखुर्चीतल्या म्हातारीने डोळे न उघडता काठी जमिनीवर दाणकन आपटली. जमिनीच्या फळ्या हादरल्या, सुईने टुणकन उडी मारली आणि गाणं पुढे निघालं.

"रोज असंच," फिलोमिनाबाई म्हणाल्या. "आई त्या जागेची वाटच बघत असते. बाकी दिवसभर हलत नाही ती."

मामा हळूच पुन्हा खाली बसले. गाणं संपेपर्यंत ते त्या म्हातारीकडे बघत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही. फिलोमिनाबाईंनी आतून तीन कप चहा आणला, सोबत घरी केलेला केक. म्हणाल्या, "मग, काय करू? पॅक करून देऊ परत?"

मामांनी मान हलवून नकार दिला. कप पुढे आला तेव्हा दोन्ही हात जोडून म्हणाले, "नको हो बाई. मुलगी दिल्या घरचं पाणीसुद्धा घेत नाही आम्ही."

फिलोमिनाबाईंना काही कळलं नाही. त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी माझा चहा संपवला, आणि मामांचाही मीच प्यायलो.