बुधाजींचं पडलेलं मनगट

परळच्या त्या चाळीत माणसं बुधाजींच्या नाकाला घाबरायची. बस चालवून निवृत्त झाल्यापासून ते चाळीच्या व्यसनमुक्ती मंडळाचे अध्यक्ष. संध्याकाळी जिन्यात उभे राहायचे आणि वर चढणाऱ्याला थांबवून मोठ्या प्रेमाने विचारायचे, "काय, जेवलास का?" उत्तर द्यायला समोरच्याने तोंड उघडलं की काम झालं. अर्धी चाळ श्वास कोंडून जिना चढायला शिकली होती.

असा हा माणूस एका सकाळी उठला तो उजवं मनगट लोंबकळतच. पंजा वर होईना, बोटं उघडेनात. पक्षाघात म्हणून घर हादरलं. शेजारच्या जयवंतने टॅक्सी केली आणि इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी हसायला लावलं, पाय उचलायला लावला, सुया टोचून पाहिल्या आणि म्हणाले, "मेंदू ठणठणीत आहे. हाताची नस दबलीय. फिजिओथेरपीला जा."

तिथे पूर्वी नावाची मुलगी होती. तिने त्यांचा दंड चाचपला. "काका, दंडाच्या हाडाला वळसा घालून एक नस जाते, ती रात्रभर चेपली गेलीय. तुटलेली नाही, नुसती झोपलीय. होईल जागी." मग अगदी सहज विचारलं, "खुर्चीच्या पाठीवर हात टाकून झोपला होतात का? थोडी घेऊन झोपलं की असं होतं बऱ्याच जणांना."

बुधाजींचे कान लाल झाले. "छ्या! आयुष्यात थेंब घेतला नाही!"

"मग हातावर वजन कसलं पडलं?"

बुधाजी भिंतीवरचं घड्याळ बघू लागले. मागच्या बाकावर जयवंत बसला होता, आणि जयवंतच्या कानावर पडलेलं चाळीत पोचायला टॅक्सीसुद्धा लागत नाही.

दुपारपर्यंत तळमजल्यापासून गच्चीपर्यंत एकच चर्चा. अध्यक्ष चोरून घेतात! कोणी म्हणालं, तरीच नाक एवढं तिखट. दर्दी माणसालाच वास कळतो.

बुधाजी मुकाट्याने व्यायाम करत राहिले. पूर्वीने मनगटाला पट्टी बांधून दिली होती. दिवसातून चारदा ती सोडायची, हात टेबलाच्या कडेवर ठेवायचा, डाव्या हाताने पंजा वर उचलायचा आणि मनातून हुकूम द्यायचा, "थांब इथेच." पंजा धपकन खाली. पत्नी कमलाबाई समोर बसून म्हणायच्या, "बस थांबवता यायची, हात थांबवता येत नाही?" पण चौथ्या आठवड्यात अंगठा जरासा हलला, आणि दोघांनी ती गंमत एकमेकांना तीनदा दाखवली.

पाचव्या आठवड्यात मंडळाची वार्षिक सभा. बुधाजींनी डाव्या हाताने राजीनामा लिहिला होता. खरं कारण चारचौघांत सांगण्यापेक्षा पद गेलेलं बरं! जयवंत उठला. "बुधाजी, बारा वर्सां तू आमची तोंडां हुंगलंस. आता खरां सांग, त्या रात्री काय झाला?"

बुधाजी कागद काढू लागले. तेवढ्यात बायकांच्या रांगेतून कमलाबाई उभ्या राहिल्या.

"मी सांगते. लेकीच्या बाळंतपणाला सव्वा महिना नागपूरला होते मी. आले त्या रात्री ह्यांच्या दंडावर डोकं टेकून नातीच्या गोष्टी सांगत होते, तसाच डोळा लागला. सकाळपर्यंत ह्यांनी हात काढून घेतला नाही. झालं समाधान?"



"अरे पण मुंग्या आल्या असतील, कळ लागली असेल," जयवंत म्हणाला. "काढूचो नाय हात?"

बुधाजी जमिनीकडे बघत पुटपुटले, "झोपली होती ना ती."

मग जो हशा उसळला, त्याने गच्चीवरची कबुतरं उडाली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. सत्तरीतला नवरदेव! बुधाजींना तोंड कुठे लपवावं कळेना, आणि कमलाबाई मात्र पदर सावरत ऐटीत बसल्या.

गंगुबाई, म्हणजे जयवंतची बायको, नवऱ्याकडे वळली. "चाळीस वर्सां झाली, तुमचो हात एकदा तरी बधिर झालो काय ओ?"

"तुझ्या घोरण्यान कान बधिर झाले, ता पुरे नाय?" म्हणत जयवंतने घाईघाईने विषय बदलला. "बुधाजीच अध्यक्ष! मंजूर असेल त्यांनी हात वर करा!"

सगळ्यांचे हात वर गेले. गडबडीत बुधाजींचाही गेला.

"स्वतःलाच मत देतोस रे?" कोणीतरी ओरडलं.

पण कमलाबाईंचं लक्ष भलतीकडेच होतं. पट्टी सुटून कोपराशी लोंबत होती, आणि त्या वर गेलेल्या हाताचा पंजा थरथरत, पण स्वतःच्या बळावर ताठ उभा होता.

"अहो, खाली नका घेऊ!" त्या ओरडल्या. "तसाच ठेवा. आधी त्या पूर्वीला व्हिडिओ कॉल लावते."