ड्राइव्हवेतल्या कॅम्परसाठी हीटर

मेलबर्नच्या त्या लांबलेल्या लॉकडाउनमध्ये, ऐन हिवाळ्यात, माझी बायको आमच्या क्लेटनच्या घरासमोर उभ्या असलेल्या पॉप-अप कॅम्परमध्ये राहायला गेली. ती डॉक्टर आहे. तिला कोविड वॉर्डची ड्युटी लागली होती आणि आमच्या नऊ वर्षांच्या मुलीला दमा. कॅम्पर आम्ही सुट्टीत फिरायला म्हणून जुना घेतला होता. छत वर उचललं की खाली कॅनव्हासच्या भिंती उभ्या राहतात. आत दोन पलंग, एक सिंक, आणि थंडी बाहेर असते तेवढीच.

नाइट शिफ्ट करून ती सकाळी यायची आणि दिवसा झोपायची. दुसऱ्याच दिवशी तिचा आतून फोन आला. "पाय बधिर झालेत रे. झोपच लागत नाही."

इलेक्ट्रिक हीटर गॅरेजमधून वायर ओढून लावला, तर सगळ्या घराची वीज गेली. माझी मीटिंग बंद, मुलीची शाळा बंद. "Dad, not again," ती खोलीतून ओरडली. भाड्याच्या घराचा एजंट म्हणाला, इलेक्ट्रिशियन येईल, पण सध्या फक्त अर्जंट कामं घेतायत.

"मग गॅसचा घे ना," बायको म्हणाली. "कॅम्परच्या गॅसची बाटली आहेच."

मी "बघतो" म्हणालो आणि चार दिवस नुसता बघतच राहिलो.

तिला वाटलं, माझी नेहमीचीच सवय. काहीही घ्यायचं तर आधी तुलनेचं टेबल करायचं. टेबल होतंच. बाटलीच्या डोक्यावर बसणारा हीटर फक्त उघड्यावर वापरायचा, म्हणून तो बाद. धूर पाइपने बाहेर सोडणारा सगळ्यात चांगला, पण तो बसवायला माणूस हवा आणि माणूस मिळत नव्हता. उरला हातात उचलून नेता येईल असा छोटा, ज्यात सेन्सर असतो. हवेतला ऑक्सिजन कमी झाला की तो आपोआप विझतो. ती एकच ओळ मी पुन्हा पुन्हा वाचत होतो.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी पुण्यात मी आणि माझा एक मित्र भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो. तो साताऱ्याचा. बाथरूममध्ये गॅस गीझर होता आणि वर काचेच्या पट्ट्यांची छोटी खिडकी. डिसेंबरात तिथून गार वारा अंगावर यायचा, म्हणून एका रविवारी मी स्टुलावर चढून त्या पट्ट्यांमध्ये वर्तमानपत्र कोंबलं.

"गुदमरायला नाही ना होणार?" त्याने खालून विचारलं होतं.

"कुडकुडून मरण्यापेक्षा बरं," मी म्हणालो.

तीन दिवसांनी तो सकाळी आंघोळीला गेला. मी बाहेर चहा पीत बसलो होतो. पाण्याचा आवाज चालूच होता. "झोपलास का आत?" म्हणून मी दार वाजवलं, मग पुन्हा वाजवलं. शेवटी शेजारच्या काकांना बोलावून दार तोडलं. आत तो फरशीवर निपचित पडला होता. काका फोन करायला धावले, आणि तेवढ्या वेळात मी स्टुलावर चढून तो कागद उपसला आणि ओट्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात तळाशी दाबला. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. माझे हात ते करत होते एवढं आठवतं.

दुपारी त्याचे वडील आले. माझा हात धरून म्हणाले, "तू होतास म्हणून दार तरी उघडलं. तुझे उपकार आहेत."

इकडे मेलबर्नमध्ये पाचव्या दिवशी मी सेन्सरवाला हीटर ऑर्डर केला. दुकानदाराने तो पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीत ठेवला आणि लांबूनच बजावलं, "जागे असाल तोवरच, मेट. खिडक्या उघड्या ठेवून. पेटता ठेवून झोपायचं नाही." मी बायकोला तेच सांगितलं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही आणून टांगला. कॅनव्हासच्या दोन खिडक्यांच्या चेन मी स्वतः अर्ध्या उघडून ठेवल्या. तरी दर वीस मिनिटांनी मी बाहेर जाऊन विचारायचो, "ठीक आहेस ना?"

"झोपू दे रे मला," ती वैतागायची.

एका सकाळी ती खूप दमून आली. दहा वाजता मी हाक मारली, उत्तर नाही. पुन्हा मारली. मग मास्क, अंतर, सगळं विसरून मी दाराची चेन ओढली. खिडक्यांच्या दोन्ही चेन पूर्ण लावलेल्या होत्या. हीटर विझलेला होता, पण बटण चालूवरच. ती पांघरुणात गुरफटून पडली होती. मी खांदा हलवला तेव्हा तिने कानातले बोळे काढले आणि म्हणाली, "काय झालं? डोकं दुखतंय."

बाटलीत गॅस होता. हीटर कशाने विझला, ते कळायला मार्ग नव्हता. अलार्म वाजला नव्हता. तिला फक्त "दहाच मिनिटं" म्हणून पेटवल्याचं आठवत होतं.

तिला बाहेर उन्हात बसवलं. ती कॅम्परच्या पायरीवर, मी लेटरबॉक्सपाशी फोल्डिंगच्या खुर्चीवर, दोघांच्याही तोंडावर मास्क. मित्र गीझरमुळे गेला हे तिला लग्नाआधीपासून माहीत होतं. कागदाचं मी त्या दिवशी सांगितलं.

ती म्हणाली, "कागद नसता तर तो वाचला असता का, हे मी सांगू शकत नाही. कुणीच नाही सांगू शकणार. पण तू तो लपवलास. ते त्याच्या घरच्यांना कळायला हवं होतं."

त्या आठवड्यात एका जुन्या वर्गमित्राकडून मी साताऱ्याचा नंबर मिळवला. गेलेल्या मित्राच्या वडिलांनीच फोन उचलला. आवाज म्हातारा झाला होता, पण त्यांनी मला लगेच ओळखलं. "तिकडे कसं आहे? सगळे सांभाळून आहात ना?" मी बरं आहे म्हणालो, आणि मग न थांबता सगळं सांगून टाकलं.

मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. मग ते म्हणाले, "त्याची आई तीन वर्षांपूर्वी गेली. तिला शेवटपर्यंत वाटायचं, पोराचंच काहीतरी चुकलं, गीझर नीट लावला नसेल. रागवायची त्याच्यावर, फोटोसमोर उभी राहून."

"काका," मी म्हणालो.

"बरं. ठेवतो मी," ते म्हणाले.

मी पुन्हा फोन केला नाही. त्यांचाही आला नाही.

हीटर मी परत खोक्यात घालून गॅरेजमध्ये ठेवला. बायकोला इलेक्ट्रिक ब्लँकेट आणलं. तेवढ्याने वीज जात नव्हती. ती आणखी सहा आठवडे बाहेर राहिली. मी रोज दुपारी कॅनव्हासजवळ जाऊन, हाक न मारता, उभा राहायचो. तिला पावलं कळायची. "आहे मी," ती आतून म्हणायची, आणि मग मी घरात जायचो.