नकाशावरचं कोरं ग्वाल्हेर

"नकाशात आपलंच ग्वाल्हेर कोरं कसं?" आमच्या इन्स्टिट्यूटच्या डायरेक्टरसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवत विचारलं.

नकाशा केतकीचा होता. ती माझी पीएचडीची विद्यार्थिनी, इथल्याच गोरखी भागात वाढलेली. क्लाउड कम्प्युटिंगवर कुठे किती संशोधन होतं आणि पुढे कुठे होईल, असा तिचा रिपोर्ट. क्लाउड म्हणजे आपलं काम दूरच्या कुणाच्या तरी मोठ्या कम्प्युटरवर ठेवायचं आणि भाडं भरत राहायचं. हे मी घरी समजावलं, तेव्हा बायको म्हणाली, "म्हणजे जन्मभर भाडेकरूच." तेव्हापासून वर्गात मी हीच व्याख्या माझी म्हणून सांगतो.

जिथे संशोधन जास्त, तिथे रंग गडद. अमेरिका गडद, चीन गडद, बंगळुरू बरं. रिपोर्टच्या शेवटी दिल्लीच्या कमिटीकडे मागणी होती: ग्वाल्हेरला लॅब द्या. लॅब मिळाली तर केतकी इथेच राहणार होती. नाहीतर बंगळुरूची नोकरी तयार होती.

"कमिटीला कोरं गाव दाखवायचं? इज्जतीचा सवाल आहे," साहेब म्हणाले. "तुमचा पुतण्या सिएटलला क्लाउडवरच पेपर लिहितो ना? मूळचा कुठला?"

"इथलाच, नई सडकेचा," मी छाती काढून सांगितलं.

"मग झालं. जन्मगाव धरा."

लेखक जिथे काम करतो तिथला पेपर मोजायचा, हा आमच्या धंद्यातला नियम. पण आम्ही ग्वाल्हेरची मराठी माणसं. गाव सोडून गेलेला प्रत्येक जण आम्ही लग्नाच्या पंगतीत आमचाच म्हणून मिरवतो. इथे फक्त पंगत सरकारी होती.

"सर, ये तो गलत है ना," केतकी म्हणाली. "सिएटलवाला दादा बारावीनंतर इथे राहिलाय कधी?"

"दिवाळीला येतो की," मी म्हणालो.

संध्याकाळपर्यंत भाचे, जावई, साहेबांचे साडू, सगळे नकाशावर जमा झाले. ग्वाल्हेर बंगळुरूच्या तोडीचं गडद झालं.

दिल्लीहून आलेल्या कमिटीच्या मॅडम नकाशा बघून खूश झाल्या. "वाह, यहाँ तो बहुत काम हो रहा है." साहेब हसले. "फिर लैब किसी पिछड़े इलाके को दे देते हैं." साहेबांचं हसू आवरायचं राहून गेलं.

केतकी बंगळुरूला गेली. तिथून तिचा पहिला पेपर आला, छान आहे. संशोधनात पुढे यायचा आमचा मार्ग खात्रीचा आहे: माणसं बाहेर पाठवायची आणि घरी बसून रंग भरायचा.

अभिनंदनाचा फोन केला, तर म्हणाली, "सर, नकाशात मला नका हं मोजू."

"छे, छे," मी म्हणालो. रंग सकाळीच भरून झाला होता.