शुक्रवारपर्यंतची कवळी

या बाईचं काम कवळ्या करायचं. हसू नका, तुमच्यावरही वेळ येणार आहे. दातांच्या लॅबमध्ये खिडकीपाशी तिचं टेबल होतं. टेबलावर लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे मांडलेले असायचे आणि ती दिवसभर गुलाबी मेणात एकेक दात बसवत राहायची. गल्लीत तिला सगळे कवळीवालीच म्हणत. तिला त्याचं काही वाटत नसे, कारण हाताला गुण होता आणि तो तिला ठाऊक होता.

सासऱ्यांची कवळीही तिनेच केलेली, आणि तिथेच बाईने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. मामंजी तीस वर्षं रेल्वे स्टेशनावर गाड्यांच्या घोषणा करायचे. नोकरी संपली तरी घोषणा काही संपल्या नाहीत. रविवारी जेवणं उरकत आली की ते घसा खाकरायचे आणि घरातला जो काही निर्णय असेल तो खणखणीत आवाजात जाहीर करायचे. मग शेवटचा घास, पाण्याचा घोट, की कवळी काढून पेल्यात. कवळी पेल्यात पडली की विषय मिटला. बोळक्या तोंडाने ते कुणाशी अक्षर बोलत नसत, सख्ख्या लेकीशीसुद्धा नाही. ज्या तोंडाने लाखो माणसांना आपापल्या गाडीत बसवलं, त्यातून नुसती फसफस बाहेर पडावी हे त्यांना मान्यच नव्हतं. म्हणजे कुणाला हरकत घ्यायची असेल, तर ती कवळी तोंडात आहे तोवर. आजपर्यंत कुणी घेतली नव्हती.

त्या रविवारी खिडक्या नुकत्याच धुतल्या होत्या. खाली रस्त्यावरच्या झाडांना कोवळी पालवी फुटलेली, ऊन थेट ताटांपर्यंत आलेलं. मामंजींनी घसा खाकरला.

"मोठी आत्याकडे राहायला जाईल. शाळेचं नवं वर्ष तिकडेच सुरू होईल. शुक्रवारी दुपारी फॉर्म भरायची मुदत संपते, त्याआधी मी स्वतः आत्याला फोन करून कळवेन, म्हणजे ती तिथे भरेल."

मोठी म्हणजे तिची थोरली लेक, वय वर्षं नऊ. धाकटी चारची. आणि पोटात सहा महिन्यांचं तिसरं. मोठी ताटातले दाणे एका कडेला सारत होती, ती तशीच सारत राहिली. बाईने नवऱ्याकडे पाहिलं. तो बस चालवतो. दिवसभर हॉर्न वाजवून घरी येतो आणि घरात त्याचा आवाज म्हणून निघत नाही. त्याने पाण्याचा तांब्या पुढे ओढला.

अगं बाई, बोल की! हीच वेळ होती. म्हातारा अजून घास चावत होता, ते दातही तुझेच. पण तिची दातखिळीच बसली. पेल्यात कवळी पडल्याचा आवाज आला आणि सगळे हात धुवायला उठले.

गप्प बसण्याची तिची ही पहिलीच वेळ नव्हती. लॅबमधल्या रसायनाचा वास पोटातल्या बाळाला बरा नाही, तेव्हा महिनाअखेरीला काम सोडायचं, हेही एका रविवारीच ठरलं होतं. ती मूग गिळून बसली. आणि त्याच्याही आधी, तिसऱ्याची चाहूल लागली तेव्हा नवरा इतका हरखला, मामंजींनी तर शेजारच्या चार घरी जाऊन सांगितलं, की तिला नको होतं हे सांगायला जागाच उरली नाही. होय, नको होतं. धाकटी आत्ता कुठे स्वतःच्या हाताने जेवायला लागली होती, लॅबच्या मालकांनी तिला हाताखाली दोन मुली द्यायचं कबूल केलं होतं. आता पोट वाढत होतं आणि घर आवळत चाललं होतं. कधी कधी जिना चढताना तिला वाटायचं, दार उघडूच नये, इथेच पायरीवर बसून राहावं. मग स्वतःचीच लाज वाटायची आणि ती दार उघडायची.

बरं, राग तरी कुणावर काढणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ. वन्संना मूलबाळ नाही; मोठीला माझ्याकडे पाठवा असं त्यांनीच सुचवलं होतं, आणि रविवारी त्याचा निकाल लागणार हेही त्यांना ठाऊक होतं. स्वभावाने लोण्याहून मऊ, मोठीवर जीव टाकणारी नणंद ती. मामंजी म्हणत होते त्यातही खोट नव्हती. घर दोन खोल्यांचं, आणि जेमतेम उभं राहण्यापुरतं स्वयंपाकघर. आतल्या खोलीत ही दोघं आणि धाकटी. बाहेरच्या खोलीत मामंजींची खाट, आणि उघडला की पलंग होतो असा सोफा, त्यावर मोठी. बाळाचा पाळणा ठेवायला कपाट आणि सोफा यांच्यामधली जागा तेवढी शिल्लक. तिथे पाळणा ठेवला की सोफा उघडत नाही. सोमवारी कामावर निघण्याआधी तिने टेप लावून पाहिलं. नऊ सेंटीमीटर कमी पडत होते. कपाट तिरकं केलं तर सहा. मोठी दारात उभी राहून बघत होती.

"आई, काय मोजतेस?"

"काही नाही गं. पडदे."

तेवढ्यात मामंजींनी कवळी रुमालात गुंडाळून तिच्यापुढे धरली, सोबत चिठ्ठी. डावीकडे हिरडीला टोचते आहे, संध्याकाळपर्यंत घासून आण, मग लेकीला फोन करतो.

काम पंधरा मिनिटांचं. तिने ते नऊ वाजता केलं, कवळी धुतली, पुसली आणि आपल्या खणात ठेवून खणाला कुलूप लावलं. सहा वर्षांत तिने एकही काम उशिरा दिलं नव्हतं. पण हिशोब सरळ होता. दात नाहीत तर फोन नाही, फोन नाही तर फॉर्म नाही. शुक्रवारची दुपार टळली की मोठी निदान वर्षभर इथेच.

संध्याकाळी तिने सांगितलं, "मशीन बंद पडलंय, मामंजी." मंगळवारी सांगितलं, पॉलिशचा दगड झिजलाय. बुधवारी मालक गावाला गेले. मालक बिचारे समोरच्या टेबलावर बसून सर्दीने शिंकत होते. मामंजी दुधात बुडवलेला पाव खात होते आणि चिठ्ठ्या लिहीत होते. साखर कमी. पंखा बंद. अजून किती दिवस?

घराला दात नसल्यावर घर कसं चालतं ते त्या आठवड्यात कळलं. कुणी काही ठरवेना. भाजी कुठली आणायची इथपासून घोडं अडलं. वन्संचा फोन यायचा, मामंजी तो लेकाकडे द्यायचे, आणि लेक म्हणायचा, "ताई, बाबा स्वतःच बोलणार आहेत तुझ्याशी. कवळी आली की करतो फोन." वन्सं पलीकडून हसायच्या, "सांग वहिनीला, बापाचे दात दे म्हणावं माझ्या!" त्यांचा मोठा आवाज स्वयंपाकघरापर्यंत यायचा, आणि बाई पोळ्या लाटत ऐकायची.

नवऱ्याला तिने एकदा विचारून पाहिलं. तो बूट काढत होता.

"तुम्हाला बरं वाटतंय का, मोठी जाणार ते?"

"बाबांनी विचार करूनच ठरवलं असेल ना."

"मी तुम्हाला विचारतेय."

त्याने बुटाची नाडी बोटाला गुंडाळली. मग म्हणाला, "मला काय बरं वाटणार? पण झोपणार कुठे ती?" धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी दोघांची गत.

शुक्रवारी तिने लॅबमध्ये घड्याळावरची नजर काढली नाही. बारा वाजले. एक वाजला. दोन वाजता फॉर्म घेणं बंद होणार होतं. दोनला पाच मिनिटं असताना तिने मेणात एक दात उलटा बसवला, काढला, परत बसवला. दोन वाजले. तिने खण उघडला आणि कवळी पर्समध्ये टाकली. चार वाजता ती घरी निघाली तेव्हा कित्येक महिन्यांनी तिला भूक लागली होती, आणि रस्त्यावरून चालताना झाडांकडे मान वर करून बघावंसं वाटलं.

शाळांना आठवड्याची सुट्टी होती, म्हणून पोरी घरीच. मामंजी खाटेवर बसले होते. तिने कवळी त्यांच्या हातात ठेवली. "झाली बरं का एकदाची."

मामंजींनी ती तोंडात बसवली, जबडा इकडेतिकडे हलवला. पाच दिवसांनी तो खणखणीत आवाज निघाला.

"छान झालीये. पण आता फोनची गरज नाही. मोठीने सांगितलं."

"काय सांगितलं?"

"दुपारी आत्याचा फोन आला. मला बोलता येईना, तुझा नवरा ड्युटीवर. पोर म्हणाली, आजोबा, मी बोलते. आणि तिनेच सांगून टाकलं की येते म्हणून. काय स्पष्ट बोलली! एक शब्द गिळला नाही."

मोठी आतून आली. हातात तिची घडी घातलेली चादर होती.

"तू आत्याला हो म्हणालीस?"

"हो."

"का गं?"

"पाळणा मावत नाही ना, आई. मी पण टेप लावून बघितलं. नऊ सेंटीमीटर."

कवळी कोंडून ठेवून हिने काय मिळवलं? घरातली सगळी तोंडं बंद केली, आणि ज्या पोरीला कुणी विचारलं नव्हतं तिच्यावर उत्तर द्यायची पाळी आणली. बाईने तिला जवळ ओढलं. पोट मधे आलं, तरी ओढलं.

"पाळण्याचं सोड. तुला जायचंय का?"

मोठीने चादर छातीशी धरली. ओठ घट्ट मिटलेले. आपल्याच तोंडाचा साचा समोर बघावा तसं बाईला झालं, आणि ती इतक्या जोरात ओरडली की धाकटी आतून धावत आली.

"तोंड उघड! हो तर हो, नाही तर नाही, पण बोल! माझ्यासारखी बसू नकोस!"

"नाही जायचं मला!" मोठी किंचाळली, आणि मग जी रडायला लागली ती थांबेना. "आत्याकडे नाही जायचं, इथेच राहायचंय, मी जमिनीवर झोपेन!"

मामंजींनी घसा खाकरला.

"तुम्ही थांबा, मामंजी," बाई म्हणाली. त्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. तिने त्यांच्या उशीजवळचा फोन उचलला आणि वन्संचा नंबर लावला.

पहिल्याच घंटीला वन्सं बोलल्या. "वहिनी! अगं, वेळेत भरून आले बाई फॉर्म! आणि तिच्या खोलीचे पडदे शिवायला घेतलेत. पिवळे आवडतील ना तिला?"

बाईने डोळे मिटून घेतले. "वन्सं, मोठी येणार नाही."

"म्हणजे? अगं, तीच तर म्हणाली."

"तिने आमच्यासाठी म्हटलं. तिला यायचं नाहीये. आणि मलाही तिला पाठवायचं नाहीये. पहिल्यापासून नव्हतं."

पलीकडे शिवणयंत्राची घरघर चालू होती, ती थांबली. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "मग रविवारीच का नाही सांगितलंस गं? मी रविवारपासून तिची वाट बघतेय."

मोठी तिच्या कुशीत हुंदके देत होती, मामंजी समोर बसून ऐकत होते. "रविवारी माझं तोंडच उघडलं नाही, वन्सं," बाई म्हणाली, आणि फोन तसाच कानाला धरून ठेवला.