पीटरसाहेबांचा विल्यम

“सर, विल्यम चार महिन्यांचा असतानाच वारला,” मी म्हणालो.

पीटरसाहेबांनी चष्मा काढला. “वारला? मग मी कुठून आलो?”

प्रश्न रास्त होता. पण तो डॉक्युमेंट कंट्रोलरला विचारण्यासारखा नव्हता.

सौदीतल्या अल खफजीत, कुवेतच्या हद्दीजवळ, समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मची कामं करणाऱ्या एका कंपनीत मी नोकरीला आहे. इंजिनियर ड्रॉइंग काढतात, बदलतात, पुन्हा बदलतात. त्यातलं शेवटचं खरं कोणतं, हे सांभाळणारा माणूस म्हणजे डॉक्युमेंट कंट्रोलर. नवं रिव्हिजन आलं की जुन्यावर ‘सुपरसीडेड’ असा शिक्का मारायचा, म्हणजे हे रद्द, यावरून कोणी पाइप कापू नये. काम साधं आहे. पण चुकलं की पाइप आखूड पडतो आणि सगळे मलाच शोधत येतात.

पीटरसाहेब आमचे प्रोजेक्ट मॅनेजर. इंग्लंडचे, साठी ओलांडलेले, रिटायरमेंट दारात. त्यांना आपल्या घराण्याचा शोध घ्यायचा नाद लागला होता. आजोबा, पणजोबा करत ते तीनशे वर्षांपूर्वीच्या विल्यमपर्यंत पोचले आणि तिथे अडकले. एका खेड्यातल्या चर्चमध्ये विल्यमच्या लग्नाची नोंद होती, मुलाच्या बाप्तिस्म्याची होती, पण स्वतः विल्यम जन्मला कुठे, बाप कोण, पत्ता नाही. मग शेजारच्या गावात त्याच नावाच्या एका बाळाचा बाप्तिस्मा सापडला. बापाच्या नावापुढे ‘जेंटलमन’ लिहिलेलं. तेव्हा हा शब्द जमीनजुमलावाल्यांनाच लावत. पीटरसाहेबांनी तोच बाप पसंत केला. इंग्लंडमधल्या बहिणीला कळवलं, त्या घराण्याचं मानचिन्ह फ्रेम करायलाही टाकलं. फक्त मधला दुवा हवा होता.

“तू दिवसभर खराब स्कॅन वाचतोस, या चर्चच्या नोंदींचीही वाच,” ते म्हणाले. “विल्यम सापडला तर तुझ्या कॉन्ट्रॅक्टचं बघू. पूर्ण वर्षाचं.”

तिथेच तर माझं घोडं पेंड खात होतं. आमचं कॉन्ट्रॅक्ट अकरा महिन्यांचं असतं. मग महिनाभर गावी बिनपगारी, मग परत अकरा महिने. आपल्याकडे घर भाड्याने देताना करतात तसंच, भाडेकरूने हक्क सांगू नये म्हणून. पूर्ण वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट असलं तरच आमची कंपनी फॅमिली व्हिसासाठी पत्र देते. माझी बायको नसीम आणि मुलगी दाभोळला, मी इथे कॅम्पात. आमचा सगळा संसार सुट्टीतला. म्हणून रोज जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून मी साहेबांच्या पूर्वजामागे लागलो.

इंग्लंडात पूर्वी गावोगावचे पाद्री तीन गोष्टी लिहून ठेवत: बाप्तिस्मा, लग्न आणि दफन. हे पॅरिश रजिस्टर. पॅरिश म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतलं गाव. आता पैसे भरले की त्याची स्कॅन नेटवर बघता येतात. अक्षर असं की पाद्री घोड्यावर बसून लिहीत असावा. त्यातून त्या काळी त्यांचं वर्ष मार्चअखेरीस बदलायचं. म्हणजे ऑक्टोबरनंतर फेब्रुवारी आला तरी साल तेच. जेंटलमनच्या बाळाचा बाप्तिस्मा ऑक्टोबरातला होता, आणि त्याच सालच्या फेब्रुवारीत त्याच नावाच्या बाळाचं दफन. पीटरसाहेबांनी ते पाहिलं होतं, पण जन्माआधी कोण मरतं, म्हणून सोडून दिलं होतं. प्रत्यक्षात तो फेब्रुवारी नंतरचा होता.

गप्प बसावं, असं मनात आलं. मेलेल्या बाळाचं काय बिघडणार होतं, आणि माझं कॉन्ट्रॅक्ट झालं असतं. पण रद्द झालेलं ड्रॉइंग पुढे पाठवायला हात धजेना. शिवाय साहेबांची बहीण कधीतरी कॅलेंडर बघेल, ही भीतीही होतीच. म्हणून सांगून टाकलं.

पुढे काही दिवस पीटरसाहेब माझ्याशी फक्त पाइपांविषयी बोलले. माझी कॉन्ट्रॅक्टची फाइल त्यांच्या टेबलावर होती तिथेच राहिली. एचआरमधल्या अबू सालेमला मी चहा पिताना हे सांगितलं, तर त्याने बोटांवर मोजत आपले सगळे आजे-पणजे, खापरपणजे एका दमात म्हणून दाखवले. कागद कशाला लागतो, हेच त्याला कळेना. मला त्याचा हेवा वाटला. त्याच्या यादीवर शिक्का मारायला कोणी जात नव्हतं.

मग मी नव्याने विचार केला. ज्याचं गावात लग्न आहे पण जन्म नाही, आणि दफनही नाही, तो बाहेरून आलेला आणि परत गेलेला असणार. आम्हा गल्फवाल्यांना हे कोणी शिकवावं लागत नाही. बाहेरून आला म्हणजे कामाला आला, आणि कामाला आला म्हणजे कुणीतरी त्याचे कागद मागितले असणार.

मागितले होते. तिकडे तेव्हा गरिबाच्या आजारपणाचा, बाळंतपणाचा खर्च त्याच्या पॅरिशला करावा लागे. म्हणून परगावच्या गरिबाची जबानी घेऊन त्याला मूळ गावी पाठवून देत. त्या जबान्या रजिस्टरात नसतात, वेगळ्या ठेवतात. मी तिथल्या सरकारी दफ्तरखान्याला साहेबांच्या नावाने ईमेल केली. काही आठवड्यांनी स्कॅन आलं.

वाचताना मला इथल्या जवाजतची, म्हणजे पासपोर्ट ऑफिसची खिडकी दिसायला लागली. नाव काय, कुठला, कुणाकडे कामाला, किती दिवस. विल्यमने सांगितलं होतं, की तो दुसऱ्या परगण्यातल्या मजुराचा मुलगा, आणि एकाच शेतकऱ्याकडे त्याने सलग काही वर्षं काम केलं. पण दर खेपेला वर्षाला एक आठवडा कमी. अविवाहित गड्याने पूर्ण वर्ष भरलं की त्याला त्या गावात राहायचा हक्क मिळे. म्हणून शेतकरी आठवडा आधी मोकळा करायचा आणि मग पुन्हा ठेवायचा. पुढे लग्न झालं, एक मूल झालं, दुसरं पोटात असताना गावाने सगळ्यांना परत धाडलं. इथे त्याला खुरूज म्हणतात. एक्झिट, खलास. मुलगा मोठा होऊन कामासाठी पुन्हा त्याच गावात आला, तेही आमच्यासारखंच.

विल्यमचा बाप्तिस्मा त्याच्या मूळ गावी लगेच सापडला. बाप मजूर. मी सगळं प्रिंट काढून साहेबांपुढे ठेवलं.

त्यांनी जबानी सावकाश वाचली. जमीनदार गेल्याचं दुःख होईल म्हणून मी तयारीत होतो. पण ते लाल झाले ते भलत्याच कारणाने.

“एक आठवडा कमी. मुद्दाम. इम्तियाज, हा शेतकरी चोर होता.”

“कायदेशीर होतं, सर.”

“म्हणून काय झालं? माणसाला माणूस मानायचं नाही?”

त्यांचे डोळे भरून आले होते. खोटं नव्हतं ते. मलाही भरून आलं. हीच वेळ, म्हणून मी माझी फाइल पुढे सरकवली. त्यांनी ती उघडली, फोन उचलला आणि खोबर शहरातल्या हेड ऑफिसशी बराच वेळ बोलले. हळूहळू नुसतं ‘आय सी’, ‘आय सी’ ऐकू यायला लागलं. मग फोन ठेवला.

“सगळ्यांनाच अकरा महिने आहेत. पॉलिसी आहे. मी एकटा काय करणार?”

“त्या शेतकऱ्यानेही हेच सांगितलं असेल, सर.” बोलून गेलो खरा, मग जीभ चावली.

“नाही, नाही,” ते अगदी मनापासून म्हणाले. “ते वेगळं.” आणि अकरा महिन्यांवर सही केली.

मानचिन्ह त्यांनी रद्द केलं. त्या जागी आता विल्यमची जबानी फ्रेममध्ये आहे. येईल त्याला ते तिची गोष्ट सांगतात, आणि तिच्याखाली बसून बाकीच्या पोरांच्या अकरा-अकरा महिन्यांच्या कागदांवर सह्या करतात.

संध्याकाळी नसीमला फोनवर सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं.

“त्याला हाकललं तेव्हा बायको बरोबर होती?”

“होती. पोरगंही.”

“मग त्याचं बरं होतं म्हणायचं,” ती म्हणाली.

विल्यमला शोधून काढताना त्याची कीव आली होती. त्या क्षणी मात्र मला त्याच्या जागी असावंसं वाटलं, हे कबूल करतो.

कामाच्या दृष्टीने एवढंच शिकलो: साहेबाला पूर्वज शोधून द्यायचा असेल, तर सही आधी घ्यावी.