एक बसायला, एक बघायला

डूगल मर्चिसनचं यंत्र एकट्या माणसाच्या हातून पुरं होण्यासारखं नव्हतं, आणि डूगलइतका एकटा माणूस त्या बंदरात दुसरा नव्हता. पुढच्या खोलीत झगझगीत दिवे, भोकं पाडलेली फिरती चकती आणि खुर्ची. खुर्चीतल्याचं तोंड तारेतून मागच्या खोलीतल्या काचेवर उमटायचं. आता डूगल खुर्चीत बसला तर काच बघणार कोण? आणि तो काचेपाशी गेला तर खुर्ची रिकामी! खुर्चीत किटली ठेवून झाली, बूट ठेवून झाले. दोन्ही काचेवर आले. पण बुटाचं काय कौतुक? त्याला जिवंत, हलतं तोंड हवं होतं. गावात विचारलं तर लोक म्हणत, "आमचं तोंड आरशातच बरंय, बाबा."

नव्या वर्षाची सकाळ उजाडली. स्कॉटलंडात या दिवशी कुणीही कुणाच्या घरी जावं. फक्त उंबरा पहिल्यांदा ओलांडणारा काळ्या केसांचा पुरुष हवा. बाई नको, आणि तांबड्या केसांचा तर मुळीच नको, सगळं वर्ष नासतं. डूगलचं डोकं गाजरासारखं तांबडं. त्याला कोण बोलावणार?

शेजारच्या ग्रिझेलबाई मात्र केक घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"आत या ना!"

"मी आधी? बाईमाणूस? तुझं वर्ष बुडवू होय रे?" कुंपणावर बंदरातला काळा बोका बसला होता. बाईंनी त्याची मानगूट धरून त्याला आत सोडला. "हा घे तुझा काळा पुरुष. आता मी आत येते."

डूगल पोट धरून हसला. मग अजिजीने म्हणाला, "घटकाभर त्या खुर्चीत बसता? नुसतं बसायचं."

"त्या भट्टीपुढे? छे रे! माझा रॉरी दुपारच्या बोटीनं येतोय. आमच्या उंबऱ्यात पहिलं पाऊल त्याचंच पडायला हवं. समुद्रावरचं पोर, उगाच विषाची परीक्षा नको. तू आधी येऊ नकोस हं. राग मानू नकोस."

केक ठेवून त्या गेल्या. डूगलला रडू आलं. दिवे विझवायला वळला, तर बोका उबेला खुर्चीत चढून बसलेला. डूगल पाय न वाजवता मागच्या खोलीत गेला. काचेवर, नारिंगी उजेडात, दोन कान दिसत होते. एक कान हलला. मग भलीमोठी जांभई!

डूगल तसाच अनवाणी धावत सुटला. ग्रिझेलबाईंच्या दारावर थाप मारायला हात उचलला. आतून ताटं मांडल्याचा आवाज येत होता. बोट अजून लागली नव्हती. थाप ऐकून बाई रॉरीच आला म्हणून धावत येणार, आणि समोर हे तांबडं डोकं. त्याने हात खाली घेतला.

घरी येऊन त्याने बोक्याला मांडीवर घेतलं आणि खुर्चीत बसला. "जमलं रे," त्याला म्हणाला.

मागच्या खोलीत काचेवर दोन तोंडं उमटली. बघायला कुणी नव्हतं.