ज्यानं ठेवलं, त्यानंच न्यावं

दौलत गेल्याचं मला फोनवरून कळलं. त्याची सून बोलत होती. "बाबा चहा घेऊन दुकानात बसले होते, तिथंच..." एवढं म्हणाली आणि तिला पुढे बोलवेना. त्याचं मोटारसायकली दुरुस्त करायचं दुकान आणि मागचं घर माझ्यापासून जेमतेम मैलभरावर. पण मी गेलो नाही. गुडघ्याचं निमित्त सांगून मुलाला पाठवलं. तेरवीलाही तोच गेला. गुडघे दुखतात हे खरं आहे, पण खरं कारण ते नव्हतं. ज्या बाकावर बसून मी दौलतशी आयुष्यभर वाद घातला, त्या बाकासमोर तो नाही हे बघायची माझी तयारी नव्हती.

आमची ओळख पन्नास सालानंतरची. चंद्रपूर तेव्हा चांदा होतं. मी बांधकाम खात्यात नवा कारकून, आणि दौलत एका मोटारमालकाच्या गॅरेजात मिस्त्री. वैनगंगेकाठच्या ढिवराचा पोर. बापाबरोबर डोंग्यात बसून जाळी टाकायची सोडून हा पान्हे धरायला चांद्याला आला होता. लढाई संपल्यावर लष्करानं काढून टाकलेल्या फटफट्या डिस्पोजलमध्ये विकल्या जात. तशी एक त्यानं पोत्यात भरून तुकड्या-तुकड्यांनी आणली आणि दीड वर्ष बसून उभी केली. जटपुरा दरवाजातून ती निघाली की दुकानदार गिऱ्हाइकाशी बोलायचं थांबवत, कारण बोलून उपयोग नसे. मला तो 'बाबू' म्हणायचा. त्या हाकेत आदर किती आणि थट्टा किती हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

सिरोंच्याला जायचं निघालं ते त्याच्या मोठ्या बहिणीमुळे. सगुणाबाई लग्न होऊन पार तिकडे गेली होती, प्राणहितेच्या काठी, जिथे निम्मं गाव तेलुगू बोलतं. पाच वर्षांत माहेरचं कुणी तिच्याकडे पोचलं नव्हतं. तिचा मुलगा तीन वर्षांचा झाला तरी त्याचं जावळ काढलेलं नव्हतं, कारण जावळ मामाच्या मांडीवर बसून काढायचं, आणि मामा चांद्याला. पोराच्या दोन वेण्या घालाव्या लागत. अखेर सासऱ्यांनी पत्रातून निरोप धाडला की महाशिवरात्रीला नदीवर न्हावी बोलावतो, मामा आला तर ठीक, नाही आला तर दिराच्या मांडीवर बसवू. दौलतनं तो निरोप मला दोनदा वाचायला लावला. मग म्हणाला, "बाबू, मांडी माझीच लागन. तू नकाशा काढ."

नकाशा काढणं हे माझं काम होतं आणि मला त्याचा भारी गर्व होता. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी लाल-निळ्या पेन्सिलीनं सगळी वाट आखली. चांदा, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली, आणि मग जंगलातून थेट खाली. कुठे रस्ता, कुठे नुसती गाडीवाट, कुठल्या नाल्यात माघापर्यंत पाणी असतं, हे मला दप्तरातून ठाऊक. जे दप्तरात नव्हतं ते दौलत सांगे. वैनगंगेच्या रेतीवर बांबूच्या चटया अंथरलेल्या असतात, तेवढ्यावरून गाडी ढकलायची. मधल्या धारेत दोन डोंगे शेजारी बांधून वर बांबूची ताटी टाकली की फटफटी उभीच्या उभी पार होते. रेतीत चाकाची हवा कमी करायची. जास्तीची ट्यूब, चेनच्या कड्या, तार, पंप. महिनाभर आम्ही रोज संध्याकाळी तो कागद पसरून बसायचो आणि रोज एखादी नदी नव्यानं ओलांडायचो. प्रवासापेक्षा ती बैठकच मला जास्त आवडत होती, हे आता कबूल करतो.

अडचण एकच होती, पेट्रोलची. चांदा सोडलं की ते मिळायचं नाही आणि टाकी काही पुरायची नाही. आलापल्लीच्या पुढे जंगलात माडिया आदिवासींच्या एका गावी बाजार भरे. सदुभाऊ नावाचा मीठ विकणारा दर पंधरा दिवसांनी बैलगाडी घेऊन तिथे जाई. त्याच्या गाडीतून डबा आधी पाठवायचा आणि गावच्या पाटलाकडे ठेवायचा, असं ठरलं. पण दौलतनं मला बजावलं होतं. म्हणाला, त्या गावांत वस्तू ज्याच्या हातानं ठेवली, त्याच्याच हाती परत देतात. दुसऱ्या कोणाला देत नाहीत. म्हणून सदुभाऊसोबत तू स्वतः जा, आपल्या हातानं ठेव. मी हो म्हणालो. आणि गेलो नाही. आठ दिवस बैलगाडीत बसायचं, त्यात त्या वाटेवर वाघाच्या बातम्या... थोडक्यात, भ्यालो. त्याऐवजी मी फुलस्केप कागदावर सुवाच्य अक्षरात एक चिठ्ठी लिहिली, डब्याला बांधली आणि डबा सदुभाऊच्या हवाली केला. दौलतला सांगितलं, काम झालं. चिठ्ठीनं जगात सगळं होतं असं मला तेव्हा वाटे.

निघालो. आष्टीच्या रेतीनं ठरवल्यापेक्षा कितीतरी जास्त पेट्रोल खाल्लं. शिवरात्रीच्या आदल्या दुपारी त्या गावात शिरलो तेव्हा टाकीत कसंबसं चार-पाच मैलांचं उरलं होतं आणि सिरोंचा अजून पस्तीसेक मैल. पाटलानं बाज टाकली, आंबील दिली. डबा नीट होता. कोठीत धान्याच्या वर ठेवलेला, आणि माझी चिठ्ठी ओली होऊ नये म्हणून बांबूच्या नळीत घालून बाजूला. मी डबा उचलायला गेलो तर पाटील दारात उभा राहिला. मी चिठ्ठी वाचून दाखवली. खात्याचं नाव सांगितलं. आवाजही चढवला. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बाजारात येणंजाणं असल्यानं त्याला थोडी मराठी येत होती. म्हणाला, "तुमचं असन. पण तुम्ही ठेवलं नाई. सदुनं ठेवलं. उद्या सदु आला, माझा डबा कुठी म्हणला, तर त्याले मी काय दाखवू?"

सदुभाऊ येणार होता चौथ्या दिवशी. मी मान खाली घालून उभा होतो, कारण आता दौलतला सगळं कळलं होतं. मला वाटलं, आता शिव्या घालतो. घालायलाच हव्या होत्या. तो बाजेवर बसला, उरलेली आंबील प्यायला आणि म्हणाला, "बरोबर हाय त्याचं." मी म्हटलं, रात्री जंगलातून चालत जाणार का आता, त्यापेक्षा थांबू, बहीण समजून घेईल. त्यानं धोतर वर खोचलं, जोडा हातात घेतला आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवली.

"फटफटी तुझ्या हातात देऊन राह्यलो, बाबू. मी आल्याबिगर कोणाले देऊ नको. पाटील मांगन तरी नाई."

आणि गेला चालत. वाटेनं वळेपर्यंत मला त्याची पाठ दिसत होती. ते चार दिवस मी त्या फटफटीजवळून हललो नाही. वाघाची भीती त्या चार दिवसांत एकदाही आठवली नाही. चौथ्या दिवशी सदुभाऊ आला, पाटलानं डबा त्याच्या हाती दिला, त्यानं माझ्या हाती दिला, आणि पाटील हसून माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. झाकणाचं मेणसुद्धा फुटलं नव्हतं.

दौलत परतला तो सुकटीचं गाठोडं घेऊन, पायांना फोड घेऊन. तो सिरोंच्याला पोचला तेव्हा शिवरात्रीचा सूर्य बुडायला आला होता. न्हावी सकाळपासून वस्तऱ्याला धार लावून बसलेला, दीर मांडी घालून बसलेला, सासरे चिडलेले, आणि सगुणाबाई पोराला पोटाशी धरून नदीच्या पाण्यात गुडघाभर उभी. दिवस बुडेपर्यंत शिवरात्रच आहे, एवढंच ती म्हणत होती. धुळीनं माखलेला मामा बघून पोरानं असं भोकाड पसरलं की जावळ होईपर्यंत थांबलं नाही. "तिनं मले काऊन उशीर झाला इचारलंच नाई, बाबू. पायच धुवून राह्यली होती माझे," दौलत म्हणाला.

सुट्टी चार दिवसांची होती, चांद्याला पोचलो नवव्या दिवशी. गॅरेजमालकानं त्याच्या जागी दुसरा मिस्त्री ठेवला होता. माझ्या भित्रेपणापायी त्याची नोकरी गेली. मी त्याची माफी मागितली तेव्हा तो चिंचेखाली फरशी घालून स्वतःचं दुकान मांडत होता. म्हणाला, तू सदुसोबत गेला असता तर मी अजून त्या मालकाचेच पान्हे पुसत असतो. हे तो मनापासून म्हणाला की मला बरं वाटावं म्हणून, मी कधी विचारलं नाही. पण त्या गावची रीत त्यानं दुकानाला लावून घेतली. जो गाडी आणून देईल त्यालाच ती परत मिळायची. भाऊ आला, मुलगा आला, साहेबाचा शिपाई आला, तरी नाही. लोक चिडत, भांडत, आणि पुढच्या वेळी पुन्हा त्याच्याकडेच येत.

माझी स्कूटर त्याच्याकडे होती. तो जायच्या आठवडाभर आधी मीच नेऊन दिली होती, क्लचची केबल बदलायला. परवा मुलगा ती आणायला गेला आणि हात हलवत परत आला. दौलतच्या सुनेनं दिली नाही. म्हणाली, काकांनी स्वतः दिली होती, काकांनाच यावं लागेल. मुलगा वैतागला होता. मी मात्र काठी घेतली आणि निघालो.

बाक तिथेच होता. भिंतीवर काच लावून तो कॅलेंडरचा नकाशा, निळी नदी आता करडी झालेली. स्कूटर पुसून उभी होती. सुनेनं खिळ्यावरची किल्ली काढून माझ्या हातात दिली. तिला पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला, त्यावर दौलतच्या वाकड्या अक्षरात लिहिलेलं: 'बाबू. स्वतः.' मी ते किती वेळ बघत बसलो कोण जाणे. तिनं चहा आणला. तेव्हा कुठे मी त्या बाकावर बसून रडलो, आणि तीही रडली.

उठताना मी किल्ली परत तिच्या हातात दिली. म्हटलं, राहू दे गं इथंच, क्लच अजून जरा जड वाटतो. तिनं क्लच दाबूनसुद्धा पाहिला नाही. किल्ली खिळ्याला अडकवली आणि विचारलं, "मग पुढच्या गुरुवारी येता ना, काका?"

गुरुवारी जायचं आहे. दुसऱ्या कुणाला ती देणार नाही.